म्हणजे कोणते जाधव?

मराठी माणूस अनोळखी माणसाला तीन प्रश्न विचारतो. नाव काय, गाव कोणतं आणि आडनाव काय. पहिल्याचं उत्तर तो ऐकत नाही. दुसऱ्याचं अर्धं ऐकतो. तिसऱ्याच्या वेळी मात्र हातातली बशी खाली ठेवतो, मान जराशी पुढे काढतो आणि कान देतो. तपोवन एक्स्प्रेसमध्ये मनमाडला समोर येऊन बसलेले गृहस्थ लासूर स्टेशन येईपर्यंत तुमच्या आडनावाशी पोचले नाहीत, तर एक तर त्यांना झोप लागली आहे किंवा ते मराठी नाहीत, असं खुशाल समजावं.

हा तिसरा प्रश्न बंद करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

लगेच हरकत येईल, 'अहो, सहज विचारतो आम्ही!' सहज? किती वाजले हे विचारणं, याला सहज म्हणतात. आडनाव विचारणाऱ्याचे डोळे एकदा पाहा. बँकेत चेकवरची सही ताडून पाहणाऱ्या कारकुनासारखे ते बारीक झालेले असतात. त्याला आडनाव नकोच असतं. त्याला हवी असते जात. पण ती तोंडावर विचारणं हल्ली बरं दिसत नाही, म्हणून तो आडनावाच्या आड उभा राहून विचारतो. आणि आड म्हणजे विहीरसुद्धा. आमच्या शहरातल्या जुन्या वाड्यांतून आड असायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आजीच्या मांडीवर बसून शिकलेली माणसं मोठेपणी आडनावाच्या आडात पोहरा सोडून बसतात आणि जात वर येण्याची वाट पाहतात.

मौज अशी, की या आडाला पाणीच नाही.

आता 'जाधव' घ्या. मराठवाड्यातल्या शाळेत मास्तरांनी 'जाधव, उभा राहा' म्हटलं, की दोन-तीन बाक एकदम हलके होतात. देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारे सिंदखेडचे जाधव आहेत, तांड्यावरचे बंजारा जाधव आहेत, बौद्ध जाधव आहेत, आणखीही आहेत. काळे ब्राह्मणांत असतात, मराठ्यांत असतात, पारध्यांत असतात. (आणि कातडीनं पुष्कळदा गोरे असतात.) पाटील मराठ्यांत, लिंगायतांत, जैनांत, कोळ्यांत, आगऱ्यांत, इतकंच काय, वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींतही आहेत. देशमुख आणि इनामदार मंदिरातही भेटतात नि मशिदीतही. पवार, मोरे, शिंदे, गायकवाड, चव्हाण यांचीही तीच कथा. म्हणजे ज्या आडनावानं वर्गातला एक मुलगा धड ओळखता येत नाही, त्यानं त्याची जात तरी कशी ओळखणार? दुसरं कुठलं हत्यार इतकं बोथट निघालं असतं तर आपण ते केव्हाच मोडीत घातलं असतं. याला मात्र आपण उपप्रश्नांची धार लावली.

'आडनाव?'

'जाधव.'

'म्हणजे कोणते जाधव?'

'म्हणजे कोणते' हे मराठी भाषेतले सर्वांत निर्लज्ज दोन शब्द आहेत, असं माझं मत आहे. शिवी देणारा निदान रागावलेला तरी असतो. हा माणूस हसतमुख असतो, आणि बऱ्याचदा त्यानं तुमच्यासाठी चहा टाकायला सांगितलेला असतो.

माझ्या ओळखीचा एक तरुण वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याला सिडकोत दोन खोल्या हव्या होत्या. पोक्त माणूस बरोबर असला की काम होतं, अशी समजूत असल्यामुळे त्यानं मला बरोबर नेलं. घरमालक निवृत्त गृहस्थ. दिवाणखान्यात विवेकानंदांची तसबीर, शोकेसमध्ये मुलांनी मिळवलेले कप. खोल्या छान होत्या, भाडं वाजवी होतं, नळाला पाणी कोणत्या वारी येतं तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग ते खुर्चीत मागे रेलले.

'नाव काय म्हणालात?'

'प्रशांत.'

'नाही, पूर्ण.'

'प्रशांत जाधव.'

'वा! जाधव. म्हणजे कोणते जाधव?'

'गेवराईकडचे.'

'हो का? आमचे व्याही गेवराईचेच. गेवराईत कुठं?'

'गेवराईत नाही, तालुक्यात. खेडं आहे.'

'असू दे, असू दे, खेडंच बरं. गावात घर कुठंशी येतं तुमचं? वेशीच्या आत की...?'

प्रशांतनं शांतपणे सांगितलं, की वेस कधीच पडली, आता तिथं एस.टी. थांबते. मग कुलदैवत झालं. मामांचं आडनाव झालं. बहीण कुठं दिली ते झालं. 'एप्रिलात जयंतीबियंती जोरात असते का हो गावाकडं?' असाही एक तिरका चेंडू येऊन गेला. इंजिनियरच्या नोकरीसाठी त्याची मुलाखत याच्या निम्मी झाली असेल. अखेर मालकांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि म्हणाले, 'आमचं काही नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही. पण आमचा धाकटा पुण्याहून बदली होऊन यायचाय, त्यालाच खोल्या लागतील असं दिसतं.'

पंधरा दिवसांत त्या खोल्यांत बिऱ्हाड आलं. धाकटे अजून पुण्यातच आहेत.

'आम्ही असलं काही मानत नाही' हे वाक्य ऐकू आलं की मापं घेऊन झाली आहेत असं समजावं. शिंपीसुद्धा मापं घेऊन झाली की टेप गळ्यात अडकवून असाच हसतो.

प्रशांत कोणते जाधव, ते मी सांगणार नाही. हे वाचताना तुम्हालाही तो प्रश्न पडून गेला असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठीच लिहिला आहे. आणि कृपा करून आता पानं उलटून माझं आडनाव पाहू नका.

तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांची गोष्ट, तिचं एवढं काय? खोल्यांचीच गोष्ट सांगतो. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्यांचं आडनाव पाहिलंत तर ते रत्नागिरीकडच्या आंबडवे गावावरून आलेलं, 'कर' लावलेलं, अगदी सरळ मराठी साच्याचं. आंबडवेकरचं आंबेडकर झालं ते शाळेत. मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर घेतलं, तसलाच हा प्रकार. शब्दात काहीसुद्धा नाही हो. जे काय आहे ते विचारणाऱ्याच्या पोहऱ्यात आहे.

शिवाय हे आमचं शहर. इथं तरी नावाच्या प्रश्नाला किरकोळ म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९५० साली इथं मिलिंद महाविद्यालय काढलं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जळली, माणसं मारली गेली. विद्यापीठाच्या पाटीवर ते नाव आलं १४ जानेवारी १९९४ला. साडेपंधरा वर्षं! एवढ्या काळात पाटी रंगवणारा पेंटर म्हातारा होतो.

दुसरी एक हरकत मला ठाऊक आहे. 'जात नाही हो बघत आम्ही, पण घरात मांसाहार चालत नाही, म्हणून विचारावं लागतं.' मग 'मांसाहार करता का?' असं विचारा की. मराठीत तीनच शब्द लागतात. उत्तरही एका शब्दाचं असतं. त्यासाठी मामांच्या आडनावापर्यंत कशाला जायचं? मामा काही भाडेकरू म्हणून येत नाहीत. पुन्हा मालकांचे चिरंजीव दर रविवारी नान-खलिया हाणून बडीशेप चघळत घरी येतात, हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. त्यांच्या आडनावाला मात्र खलियाचा वास येत नाही.

लग्नाच्या जाहिराती तर विचारूच नका. 'जातीची अट नाही' असं ठळक अक्षरांत छापायचं आणि लगेच पुढे 'एस.सी., एस.टी. क्षमस्व'. क्षमस्व! इतक्या घाणेरड्या कामाला इतका सोवळ्यातला शब्द जुंपलेला मी दुसरा पाहिलेला नाही. बायकांच्या वाट्याला हा प्रश्न दोनदा येतो. सासरच्या आडनावानं समाधान झालं नाही की 'आणि माहेरचं?' १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लिहायचं, असं सरकारनं ठरवलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव. फार चांगलं झालं. पण आमचा चौकस माणूस या तीन स्टेशनांवर थांबणारच नाही. त्याची गाडी थेट आडनावाला लागते.

बरं, आडनावांचा एवढा अभिमान धरावा, तर ती कुठून आली ते तरी पाहावं. चिटणीस, फडणीस, पोतनीस यांच्यातला 'नीस' हा फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. इनामदार, जहागीरदार, किल्लेदार यांचा 'दार'ही तिकडचाच. हुद्दे बादशहांच्या काळातले, हुद्दे गेले, शेपट्या राहिल्या. पुढे शाळेच्या दाखल्यांनी नि कोर्टाच्या कागदांनी त्या शेपट्या पक्क्या शिवून टाकल्या. सातपुते, पाचपुते, दशपुत्रे ही मंडळी आज एकेका पुत्रावर समाधान मानून आहेत, तरी आडनाव बदलत नाहीत. आणि 'कर'वाले? पैठणात सगळेच पैठणचे. तिथं 'पैठणकर' म्हणून वेगळं काय सांगणार? गाव सोडल्यावर दुसऱ्या गावानं ठेवलेलं ते नाव. म्हणजे 'कर' हा निघून गेल्याचा दाखला. औरंगाबादकर पाहायचे तर नाशिककडे जावं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहालासुद्धा औरंगाबादकरांचं नाव आहे. आमच्या शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच्या आधी ते औरंगाबाद होतं, त्याच्या आधी फतेहनगर आणि सगळ्यांच्या आधी खडकी. शहरानं चार नावं घेतली, पण गावाबाहेर गेलेल्या औरंगाबादकरांच्या रेशनकार्डावर मात्र तिसरंच नाव कायम आहे. शहर बदललं तरी आडनाव हटत नाही, इतकी ही चिवट चीज!

खडकी वसवली मलिक अंबरनं, १६१० साली. हा हबशी माणूस. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत निजामशाहीत आला आणि त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. 'अंबर' हे नावही त्याला मालकांनी दिलेलं. आडनावाचा तर पत्ताच नाही. या माणसानं शहर उभं केलं, जमिनीखालून नहर आणून घरोघरी पाणी खेळवलं, मोगलांना जन्मभर दमवलं, आणि १६२६ साली तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. माझ्या मनात नेहमी येतं, हाच मलिक अंबर आज स्टेशनवर उतरून सिडकोत दोन खोल्या पाहायला निघाला तर? 'नाव?' 'अंबर.' 'पूर्ण?' इथंच खलास. आपण वसवलेल्या शहरात त्याला लॉजवर राहावं लागेल. नहरीचं पाणी बादलीनं विकत घ्यावं लागेल ते वेगळंच.

आणि संत! आमच्या मराठवाड्याची ही तर मोठी ठेव. जरा त्यांची नावं घ्या पाहू. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. आता पुढचं म्हणा. ज्ञानेश्वर. पुढे? पुढे काही नाही. आपेगावच्या कुलकर्ण्यांचं ते घराणं, पण 'ज्ञानेश्वर कुलकर्णी' असं म्हटलं की कुणीतरी जिल्हा परिषदेतून रजेचा अर्ज घेऊन आलंय असं वाटतं. जांबेचे ठोसर झाले रामदास, त्यांना 'रामदास ठोसर' म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणजे काही संत नुसते संत, आणि काही संत धंद्यासकट! मातीच्या गोळ्याबरोबर ज्याचा देवाशी संवाद चालला, तो सातशे वर्षं उलटली तरी आमच्या तोंडी कुंभारच. त्याच्या अभंगाला आम्ही माना डोलावतो, पण डोलावताना जात हातची सोडत नाही. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. न ठरवता होतं म्हणूनच ते जास्त वाईट.

धंदा आडनावात आला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते तो नाकाशी धरून हुंगल्यानं. ऑक्टोबर २०१०मध्ये या आमच्या शहरातल्या मंडळींनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. देशभर बोलबाला झाला. आता मर्सिडीज हे एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव. दीडशे जणांनी लाखांनी पैसे मोजून एका परक्या मुलीचं नाव दारात आणून उभं केलं, तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, पण 'मर्सिडीज, म्हणजे कुणाची?' असं एकानंही विचारलं नाही. याहून महाग ती फेरारी. फेरारी म्हणजे काय, ठाऊक आहे? लोहार! इटलीत लोखंडाचं काम करणाऱ्याला जे म्हणत, त्यावरून ते आडनाव पडलं, आणि इटलीभर ते भरपूर आहे. म्हणजे कोट्यवधी रुपये टाकून हौशी माणूस जी गाडी आणतो तिच्यावर इंग्रजी अक्षरांत 'लोहार' असं लिहिलेलं असतं. बार्बिएरी म्हणजे न्हावी. रोस्सी हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, त्याचा अर्थ तांबडे. बियांकी म्हणजे पांढरे. २००६ ते २०१५ इटलीचे राष्ट्राध्यक्ष होते जॉर्जो नापोलितानो, म्हणजे चक्क नेपल्सकर. आणि जन्मलेही नेपल्समध्येच, म्हणजे आपला 'कर'चा नियम त्यांनी मोडला.

एस्पोझितो आडनावाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. नेपल्समध्ये अनुंत्सियाता नावाची धर्मसंस्था होती. तिच्या भिंतीत एक फिरतं लाकडी खोकं असे. नको असलेलं मूल त्यात ठेवायचं, खोकं फिरवायचं, मूल आत. अशा मुलांना आडनाव मिळे एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर टाकलेला. जन्मभर गळ्यात ती पाटी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या राजवटीनं असली आडनावं द्यायला बंदी केली. पण आधीच्यांची वंशावळ वाढतच गेली, आणि आज खुद्द नेपल्समध्ये पावलोपावली एस्पोझितो भेटतात. 'म्हणजे कोणते एस्पोझितो?' असं विचारत बसलं तर शहराचा कारभार ठप्प होईल.

इटलीची माणसं देवमाणसं आहेत, असं माझं म्हणणं नाही. १९५०-६०च्या सुमारास दक्षिणेतले गरीब लोक तुरीनच्या मोटार कारखान्यांत कामाला गेले, तेव्हा तिथल्या घरमालकांनी 'दक्षिणेच्या लोकांना जागा मिळणार नाही' अशा पाट्या लावल्या होत्या. फरक एवढाच, की ते पाटी लावत. आपण आत बोलावून पोहे देतो.

यावर उपाय म्हणून आडनावंच टाकून द्या, असं सांगणारे थोर लोक होऊन गेले. १९२९ साली चेंगलपट्टूच्या परिषदेत पेरियारांच्या मंडळींनी जातीची उपनावं सोडायचा ठराव केला, आणि तमिळ माणूस आज वडलांच्या नावाचं एक अक्षर लावून मजेत जगतो. आपल्या सरकारनंही डिसेंबर २०२०मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. पाट्या बदलल्या ते उत्तम झालं. पण मी एवढं मोठं मागत नाही. तुमचं आडनाव तुम्हाला लखलाभ. दारावर पितळी अक्षरांत लावा, रोज ब्रासोनं घासा. फक्त दुसऱ्याचं विचारू नका. गुलमंडीवरचा रिक्षावाला 'किधर जाना?' एवढंच विचारतो आणि नेऊन सोडतो. पानवाला विचारतो, 'कलकत्ता की मगई?' त्यांचे धंदे आडनावावाचून उत्तम चालतात. शिकलेल्या माणसाचंच घोडं नेमकं तिथं का अडावं?

मी माझ्यापुरता एक मार्ग काढला आहे. परवा एका लग्नाच्या पंक्तीत शेजारच्या गृहस्थांनी जिलबी मोडता मोडता मला विचारलं, 'आपलं आडनाव?'

म्हटलं, 'लोहार.'

'अस्सं. कुठले?'

'इटलीचे. मोडेना म्हणून गाव आहे. आमच्यातल्या एकानं मोटारींचा कारखाना काढला, फेरारी म्हणून.'

त्यांची जिलबी हातातच राहिली. त्यांनी बराच विचार केला. व्याही, साडू, मामेसासरे सगळे मनातल्या मनात मोडेनापर्यंत नेऊन पाहिले असावेत. मग मठ्ठ्याचा एक घोट घेऊन ते माझ्याकडे किंचित झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

'म्हणजे, आपल्यातलेच ना?'